विमानाचा परवाना आणि वतनाची जमीन

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हमखास विचारला जातो. पोराला किंवा पोरीला गणित-भौतिकशास्त्रात चांगले मार्क आहेत, पायलट व्हायचे म्हणते, पन्नास-साठ लाख लागतात, घर गहाण ठेवावे का? करिअर मार्गदर्शनाची दुकाने या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतात: "देशात पायलटांची टंचाई आहे, पगार लाखात आहे, दोन वर्षांत कर्ज फिटेल." आम्ही हे उत्तर देणार नाही, कारण ते अर्धे खरे आहे आणि अर्धे सत्य गरिबाला फार महाग पडते. मित्रांनो, हा खर्च परवडतो की नाही हे ठरवताना नुसते आजचे पगार पाहून चालत नाही. या देशात आकाशात कोण गेले, कोणाच्या पैशाने गेले आणि जमिनीवर कोण राहिले, हा इतिहास पाहावा लागतो.

१९२७ हे साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. सार्वजनिक तळ्यातले पाणी पिण्यासाठी आपली माणसे डोकी फोडून घेत होती, त्याच वर्षी या देशात एअरो क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. पुढच्या वर्षी दिल्ली आणि मुंबईत फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणले आणि भारतीय नागरी विमान वाहतूक सुरू झाली.

टाटांच्या कर्तबगारीबद्दल आमची तक्रार नाही. मुद्दा वेगळाच आहे. हे क्लब निव्वळ श्रीमंतांच्या खिशावर चालत नव्हते, त्यांना सरकारी अनुदान होते. म्हणजे करदात्यांचा पैसा, ज्यात मिठावर कर भरणारा मजूरही आला, तो उद्योगपती, संस्थानिक आणि बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांच्या उड्डाणाला लागत होता. अनुदान घेणे हा कमीपणा आहे, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. शिष्यवृत्ती मागणाऱ्या आपल्या पोरांनाच "फुकटे" म्हणायची रीत नंतर आली.

(जाता जाता एक सांगून टाकू. ज्यांना आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी विमाने होती असे वाटते, त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांचा १९७४ चा निष्कर्ष वाचावा. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला दिला जातो तो विसाव्या शतकात रचलेला आहे आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. तरीही २०१५ साली मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये याच विषयावर निबंध वाचला गेला. पुराणातल्या विमानाला परवाना लागत नाही, डिझेलसारखे महाग इंधन लागत नाही आणि कर्जही लागत नाही, म्हणून ते उडवणे सोपे.)

आता बाबासाहेबांकडे येऊ. शिक्षणाचा खर्च आणि त्यातून मिळणारी नोकरी यांचे गणित त्यांच्याइतके कोणी जवळून पाहिलेले नाही.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. आजच्या भाषेत सांगायचे तर खर्च संस्थानाचा, नोकरी पक्की आणि व्याज शून्य. यापेक्षा चांगला सौदा कोणत्या विद्यार्थ्याला मिळेल? १९१७ मध्ये बाबासाहेब परतले, बडोद्याला रुजू झाले आणि काय झाले ते आपल्याला माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई लांबून कागद फेकत. नोकरी सोडून ते मुंबईला परत आले.

करिअर सल्लागारांच्या कोष्टकात हा रकाना कधीच नसतो. शिक्षणाचा खर्च शून्य असूनही जातीने 'करिअरची संधी' काही दिवसांत संपवून टाकली. ज्ञानात, हुशारीत, पदवीत कुठेच कमी नव्हती. कमी होती ती समाजाच्या लायकीत.

त्यानंतर बाबासाहेबांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करायचा होता. त्यांनी आधी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून काटकसरीने पैसे साठवले, मग मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये गेले. कर्ज त्यांनीही काढले, पण आपली बचत, हातातली पदवी आणि ओळखीचा सावकार नसलेला मित्र या तिन्ही गोष्टी जमल्यावर काढले. आज बारावीच्या पोराच्या नावावर साठ लाखांचे कर्ज काढताना "बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते" असे सांगणारे लोक भेटतात. त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

स्वतःच्या या अनुभवानंतर बाबासाहेबांनी वैयक्तिक धाडसाचा उपदेश केला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होताच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते इतके महाग आहे की सरकारी पैशाशिवाय आपली मुले तिथे पोहोचणारच नाहीत, असा तो युक्तिवाद होता. त्यांनी देशातल्या आणि परदेशातल्या तांत्रिक शिक्षणासाठी वर्षाला एकूण तीन लाखांची मागणी केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या घराघरात ज्या स्कॉलरशिपवर मुले शिकली तिचे मूळ हे आहे.

म्हणजे १९४२ सालीच बाबासाहेबांनी आपल्या प्रश्नाची चौकट ठरवून दिली होती. महागडे तांत्रिक शिक्षण घ्यावे का? घ्यावे. पैसा कोणाचा? सरकारचा. आमचा पुढचा सगळा युक्तिवाद याच चौकटीत आहे.

आता आजचे आकडे घेऊ. कमर्शिअल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल मिळवायला २०० तास उड्डाण लागते. शिवाय एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा आणि वर्ग एकची वैद्यकीय तपासणी. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. (हा नियम नव्वदच्या दशकाच्या मध्यात आला, त्याआधी दहावी पुरत असे. गावातल्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा कुलूपबंद असते, तेव्हा हा नियम कोणाला गाळतो हे सांगायला नको. तो शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला.) उत्तर प्रदेशात फुरसतगंजला १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीत, जी सरकारी आहे, शुल्क ४५ लाखांच्या आसपास. खासगी संस्थेत राहणे-खाणे धरून साठच्या वर सहज जाते. विमान कंपन्यांचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रम कोटीच्या घरात आहेत.

आणि सीपीएल हातात आले म्हणजे नोकरी आली असे नाही. ए-३२० किंवा ७३७ यांसारखे विशिष्ट विमान चालवण्यासाठी टाइप रेटिंग करावे लागते, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. सीपीएल झालेली पण टाइप रेटिंगला पैसे नसलेली मुले घरी बसून आहेत. वर परवाना आणि रेटिंग चालू ठेवायला पुन्हा उड्डाण, पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे.

समजा साठ लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी घेतले. नोकरी लागेपर्यंत नुसते व्याजच महिन्याला ५५ हजार होते, वर्षाला ६ लाख ६० हजार. ते भरले नाही तर मुद्दलात मिळते. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे ८२-८३ हजार. नव्या को-पायलटला दीड-दोन लाख पगार मिळत असेल तर हे जमते. कॅप्टन झाल्यावर तर सहज जमते. मग अडचण कुठे आहे? अडचण आहे परवाना मिळणे आणि पहिला पगार येणे यांच्यामधल्या काळात. तो सहा महिने असेल की चार वर्षे, हे विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही, बाजारावर ठरते.

बाजाराचा इतिहास असा. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या सरकारी झाल्या. १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना रान मोकळे झाले. २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो आली. "पायलट हवेत" अशी ओरड सुरू झाली आणि हजारो घरांनी कर्ज काढून पोरांना फ्लाइंग स्कूलमध्ये घातले. ती पोरे परवाने घेऊन बाहेर पडेपर्यंत २००८ ची जागतिक मंदी आली होती. २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तिचे अनुभवी पायलट बाजारात आले आणि नव्यांच्या रांगेच्या पुढे उभे राहिले. २०२० मध्ये कोरोना. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली आणि पुन्हा "पायलट हवेत" सुरू झाले. त्या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि टंचाईची बातमी घरोघरी पोहोचली. पण ती टंचाई तयार पायलटांची आहे, विशेषतः कॅप्टनची. २०० तासांचा कोरा परवाना घेतलेल्यांची नाही. विमान आज मागवले तर यायला वर्षे लागतात आणि पोरगा आज भरती झाला तर तयार व्हायला दोन-तीन वर्षे. दोन्ही वेळापत्रके जुळतीलच असे कोणी लिहून देत नाही. ज्याच्या बापाची दोन दुकाने आहेत तो मंदीत चार वर्षे थांबतो, परवाना जिवंत ठेवतो आणि तेजी आली की आत शिरतो. ज्याच्या घराच्या दारावर बँकेची नोटीस लागली आहे तो थांबू शकत नाही. तो कॉल सेंटरला जातो, परवाना मरतो, कर्ज मात्र जिवंत राहते. म्हणून एकच खर्च, एकच परवाना आणि एकच बाजार असूनही दोन घरांसाठी उत्तर वेगळे येते.

आता तारणाची गोष्ट. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आपल्याकडे तारण काय आहे? इथे महाराष्ट्राचा इतिहास थेट बँकेच्या काउंटरवर येऊन उभा राहतो.

महार वतनाच्या जमिनी होत्या. त्या बदल्यात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस वेठ होती. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते पार पडू दिले गेले नाही. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. जमिनी वतनदारांना पुन्हा दिल्या, पण नव्या शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन. हेतू चांगला होता, आपल्या लोकांकडून कोणी जमिनी लुबाडू नयेत. (तरीही शहरांच्या कडेच्या वतनी जमिनी कोणाच्या घशात गेल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पण परिणाम काय झाला? शेजारच्या पाटलाच्या पोराचा वर्ग एकचा सातबारा बँक लगेच घेते आणि आपल्या पोराच्या वर्ग दोनच्या सातबाऱ्याकडे पाहून मॅनेजर मान हलवतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लाखभर माणसे तुरुंगात गेली. त्यातून मिळालेल्या कितीतरी गायरान जमिनी आजही अतिक्रमण म्हणूनच नोंदलेल्या आहेत. ज्या जमिनीवर तीन पिढ्या राबल्या तिला बँकेच्या लेखी किंमत शून्य. मग गहाण पडते ते बापाने गिरणीच्या किंवा रेल्वेच्या नोकरीतून उभे केलेले एकुलते एक घर. आम्ही म्हणतो ते पणाला लावू नका. त्या घराच्या पायात दोन पिढ्यांची नोकरी आहे आणि ते गेले तर घरातल्या धाकट्या भावंडांचे शिक्षणही जाते.

"मग आपल्या पोरांनी पायलट व्हायचेच नाही का?" हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग रास्त आहे. याचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा इतिहास उपयोगी वाटतो.

बेसी कोलमन ही टेक्सासमधल्या गरीब घरातली काळी मुलगी. शिकागोत न्हाव्याच्या दुकानात नखे रंगवण्याचे काम करायची. अमेरिकेतल्या एकाही फ्लाइंग स्कूलने तिला घेतले नाही. 'शिकागो डिफेंडर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. ती फ्रेंच शिकली, पैसे जमवले, समाजातल्या लोकांनी मदत केली आणि १५ जून १९२१ रोजी तिने आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. परत आली तेव्हा तिला नोकरी नव्हती, हवाई कसरती करून पोट भरावे लागले. काळ्यांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचे तिचे स्वप्न होते. १९२६ मध्ये अपघातात ती गेली.

दुसरी गोष्ट टस्केगीची. काळा माणूस लढाऊ विमान चालवायला मुळातच अपात्र आहे, असे अमेरिकी लष्कराच्या अहवालात १९२५ साली लिहिलेले होते. १९४१ मध्ये दबावापुढे नमून सरकारने अलाबामातल्या टस्केगीला त्यांचे प्रशिक्षण सुरू केले. सुमारे एक हजार काळे वैमानिक सरकारी खर्चाने तयार झाले, दुसऱ्या महायुद्धात लढले, पदके मिळवली. युद्ध संपले, विमान कंपन्या वाढल्या, पायलटांची गरज वाढली. मोठ्या कंपन्यांनी या अनुभवी माणसांना घेतले? वीस वर्षे नाही. खर्च सरकारने केला होता, गुणवत्ता युद्धात सिद्ध झाली होती, टंचाईही होती, तरी दार बंद.

दार उघडले ते कायद्याने. हवाई दलातून आलेल्या मार्लन ग्रीनने १९५७ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला आणि वंशाचा रकाना व फोटोची जागा कोरी सोडली. त्याच्यापेक्षा कमी तास उडवलेल्या गोऱ्यांना नोकरी मिळाली, त्याला नाही. कोलोरॅडो राज्याच्या भेदभावविरोधी कायद्याचा आधार घेऊन तो लढला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९६३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने एकमताने निकाल दिला. १९६५ मध्ये तो कॉन्टिनेंटलमध्ये रुजू झाला. त्याआधी १९६४ मध्ये डेव्हिड हॅरिस अमेरिकन एअरलाइन्समध्ये लागला होता. ग्रीनच्या लढ्याची आठ वर्षे गेली, पण त्याने उघडलेल्या दारातून पुढच्या पिढ्या गेल्या.

हा इतिहास आपल्याकडे उलटा घडला आहे. तिकडे दार बंद होते ते उघडले, इकडे जे थोडे उघडे होते ते बंद झाले. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या वैमानिक भरतीच्या जाहिरातीत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लिहिलेल्या असत. त्या भरल्या किती जात हा भाग निराळा, पण जागा मागण्याचा हक्क होता, अनुशेष विचारता येत होता, संसदेत प्रश्न लावता येत होता. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली आणि वैमानिकांच्या नागरी नोकरीतला आपला मोठा घटनात्मक हक्क त्या दिवशी संपला. तेव्हा देशभर "महाराजा घरी परतला" म्हणून पेढे वाटले गेले. महाराजा घरी परतला हे खरेच आहे. आपण घराबाहेर राहिलो, त्याची बातमी झाली नाही.

आज भारतातल्या वैमानिकांमध्ये महिला सुमारे १५ टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर, हे आकडे अभिमानाने छापले जातात आणि ते छापलेच पाहिजेत. पण खासगी विमान कंपन्या जातनिहाय आकडे जाहीर करत नाहीत. ते मागितले की "आकाशात जात नसते, मेरिट असते" असे ऐकवले जाते. मेरिटचेच बोलायचे तर २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले पायलट पकडले गेले, काही फ्लाइंग स्कूलमध्ये न उडताच तासांच्या नोंदी झाल्याचे उघड झाले. ती जागा आरक्षणाने मिळालेली नव्हती, पैशाने मिळालेली होती. तेव्हा प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या नावाने आरक्षणाला नाक मुरडणारे कुठे होते?

सरकारी योजना आहेत का? कागदावर आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात कमर्शिअल पायलट लायसन्सचे नाव आहे. एके काळी त्यात प्रतितास पाच हजार रुपये, २०० तासांपर्यंत, इतकी तरतूद होती, म्हणजे दहा लाख. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरासाठी ही योजना आहे, म्हणजे उरलेले तीस-चाळीस लाख त्या घराने कुठून आणायचे हे योजना लिहिणाऱ्यालाच ठाऊक. अनुसूचित जातींसाठीच्या टॉप क्लास शिक्षण योजनेत सरकारी संस्थांचे पूर्ण शुल्क मिळते, पण खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातली गेली. परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची असो की महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, परदेशातल्या फ्लाइंग स्कूलला ती चालत नाही. उडाण अकादमीत राखीव जागा आहेत, पण टाइप रेटिंगचा पैसा कुठल्या योजनेतून द्यायचा, यावर शांतता. नव्वद टक्के पूल बांधून नदीच्या मधोमध सोडून द्यावा तसे हे आहे.

आणि महाराष्ट्रात सरकारी सोय नव्हती असेही नाही. नागपूर फ्लाइंग क्लब राज्य सरकारचा, दीक्षाभूमीच्या शहरातला. तो वर्षानुवर्षे कधी बंद, कधी चालू. गोंदियाला बिरसी धावपट्टीवर राष्ट्रीय पातळीची प्रशिक्षण संस्था उभी राहिली, विदर्भाच्या जमिनीवर, तिची फी विदर्भातल्या शेतमजुराच्या सात पिढ्यांना पुरून उरेल इतकी. मागणी करायची असेल तर ती इथे केली पाहिजे: सरकारी क्लबमध्ये संपूर्ण शुल्कमाफी, टाइप रेटिंगसकट, आणि खासगी कंपन्यांत आरक्षण. सरकारी धावपट्ट्या, सरकारी हवाई नियंत्रण आणि उडान योजनेतले अनुदान वापरणाऱ्या कंपन्यांना 'खासगी' म्हणून मोकळे सोडण्याचे कारण नाही.

तोवर ज्यांना उडायचेच आहे त्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. राहते घर गहाण ठेवून खासगी फ्लाइंग स्कूल, हा मार्ग आपल्या बहुतेक घरांसाठी नाही. पहिला प्रयत्न एनडीएचा करा. खडकवासल्याचे प्रशिक्षण मोफत आहे, हवाई दल विमान चालवायला शिकवते आणि वर पगार देते. लष्करी अधिकाऱ्यांच्या भरतीत आरक्षण नाही, मुलाखतीची गाळणी कडक आहे, म्हणून तयारी आठवी-नववीपासून हवी. त्यासाठी औरंगाबादला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहे.

दुसरा रस्ता आपल्या तरुणांच्या नजरेतून सुटतो. विमानतळ प्राधिकरणाची एअर ट्रॅफिक कंट्रोलची भरती. प्राधिकरण सरकारी आहे, तिथे आरक्षण लागू आहे, भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग पुरते, प्रशिक्षण प्राधिकरणच देते. कर्ज शून्य. बाबासाहेब मोक्याच्या जागा पकडायला सांगत असत. टॉवरमधल्या माणसाने परवानगी दिल्याशिवाय कॅप्टनचे विमान जागचे हलत नाही, यापेक्षा मोक्याची जागा कोणती?

आणि ज्यांना उडाण अकादमीची राखीव जागा मिळू शकते, किंवा शिष्यवृत्तीतून बहुतेक खर्च भागतो, त्यांनी जरूर जावे. पैसे भरण्याआधी वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या, डोळे किंवा कान आडवे आले तर ते आधी कळलेले बरे. संस्थेत जाऊन उडणारी विमाने किती आणि हँगरमध्ये पडलेली किती ते स्वतः मोजा, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. गेल्या वर्षीच्या मुलांना विचारा की २०० तास व्हायला प्रत्यक्षात किती महिने लागले. सगळे शुल्क एकरकमी भरू नका. आणि जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. समितीच्या टेबलावर फाइल महिनोन्महिने पडून राहते आणि तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते.